मराठी क्रमिक पुस्तकाची कसोटी : मावळातून पाहता

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हे गाव आहे. राजगड आणि तोरणा या किल्ल्यांचा हा परिसर म्हणजे भातखाचरांचा व मुसळधार पावसाचा मुलूख होय. येथील मूल शाळेत येते तेव्हा ते भाषा न शिकलेले असते असे नाही. राब, तरवा, चिखलणी, आवणी, इरले असे कितीतरी शब्द त्याच्या जिभेवर असतात आणि त्यांतील बारीकसारीक भेद त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. परंतु जे पुस्तक त्याच्या हाती पडते त्यात हे शब्द क्वचितच आढळतात, आणि जे आढळतात त्यांचा उच्चार तो करतो त्याहून निराळा लिहिलेला असतो. पुस्तकात ‘लोणी’, ‘पाणी’, ‘बाण’. त्याच्या तोंडी ‘लोनी’, ‘पानी’, ‘बान’. पुस्तकात ‘विस्तव’ आणि ‘विंचू’. त्याच्या घरी ‘इस्तू’ आणि ‘इंचू’. हा भेद काही एकट्या विंझरचा नव्हे. घाटमाथ्यावरील बहुतेक ग्रामीण बोलींत तो आहे. तथापि पुस्तक रचणाऱ्यांनी आणि पुस्तक तपासणाऱ्यांनी त्याची दखल केव्हा व कशी घेतली, हा प्रश्न मराठी शिक्षणाच्या इतिहासात जितका चर्चिला जावयास हवा होता तितका चर्चिला गेलेला नाही. क्रमिक पुस्तकांचा इतिहास सामान्यतः ग्रंथकारांचा, अनुवादकांचा व मंडळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पुस्तक चांगले की वाईट हे कोणी, कोणत्या मापाने ठरविले, हा त्याच इतिहासाचा दुसरा पदर प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

छापील पुस्तक येण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत भाषाशिक्षणाचे साधन म्हणून धुळपाटी होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवावे, पुसावे, पुन्हा गिरवावे. ‘ओनामा’पासून आरंभ होऊन मूल मुळाक्षरे, बाराखडी व जोडाक्षरे या क्रमाने पुढे जाई; जोडीला उजळणी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचा सामुदायिक घोष चाले. या पद्धतीत लेखन आधी आणि वाचन मागाहून, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. हाताला अक्षर येई व हाताच्या मागून डोळ्याला ते ओळखू येई. वाचनासाठी निराळा ग्रंथ नसे. मोडीत लिहिलेली जुनी पत्रे व कागद हेच वाचनपाठ. त्यात भाषेचे सौंदर्य नव्हते, बालमनाचा विचारही नव्हता, आणि ज्या जातींतील मुलांना पंतोजींच्या ओसरीवर प्रवेशच नव्हता त्यांना त्याचा काडीमात्र उपयोग झाला नाही. परंतु या शिक्षणाची कसोटी मात्र स्पष्ट होती. मुलगा पत्र वाचू शकतो काय, खत लिहू शकतो काय, हिशेब जुळवू शकतो काय, हे बाप स्वतः पाहू शके. पेशवाईनंतरच्या पहिल्या दशकात इंग्रजी अधिकाऱ्यांनी देशी शाळांची जी माहिती गोळा केली तीत मुंबई इलाख्यात 1,705 शाळा आणि 35,143 विद्यार्थी दाखविलेले आहेत. रा. वि. परुळेकर यांनी ही कागदपत्रे विसाव्या शतकाच्या मध्यास संपादून प्रसिद्ध केली, त्यामुळे या शाळांविषयी केवळ स्मरणरंजनाने किंवा केवळ तिरस्काराने बोलण्याचे दिवस संपले.

येथे एक गमतीचा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत देशी शाळांतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, ती रीत आपल्या अनाथाश्रमात उचलली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही योजना तीस जोडून 1797 मध्ये लंडनमध्ये तिचा पुरस्कार केला. तीच पद्धत बेल-लँकास्टर पद्धत म्हणून पुढे मुंबईस आली, तेव्हा ती सुधारलेली विलायती पद्धत म्हणून आली. धूळ मात्र इथलीच होती.

मराठी भाषा शिकविण्यासाठी छापलेले पहिले साहित्य मराठी मुलांसाठी नव्हते, ही गोष्टही या संदर्भात महत्त्वाची ठरते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली आणि मोडी टाइपात छापलेला कोश 1810 साली बंगालमधून निघाला तो कंपनीच्या तरुण चाकरांसाठी. त्या व्याकरणाला परिचित विषयांवरील संवाद जोडलेले होते. परक्या प्रौढाला भाषा शिकवावयाची तर ती माणसे प्रत्यक्ष बोलतात कशी येथून आरंभ केला पाहिजे, हे कॅरींना उमगले होते. मराठी मुलाला मराठी वाचावयास शिकवितानाही आरंभ तेथूनच करावा, हा विचार रुजण्यास मात्र दीडशेहून अधिक वर्षे लागली. मुलाला भाषा येतेच, त्याला आता शुद्ध भाषा द्यावयाची, अशी धारणा मध्ये उभी राहिली.

1822 साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि मराठीत ‘हैंदशाळा पुस्तक मंडळी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने छापील शालेय पुस्तकांचा पाया घातला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते, आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची लेखणी हे तिचे खरे भांडवल होते. छत्र्यांची ‘बालमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके 1828 ची. पहिल्याचे मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या बालवाङ्मयात, तेही इंग्रजीच्या वाटेने आलेले. दुसऱ्याचे मूळ इसापात. छत्र्यांचे गद्य आजही वाचवते, हे त्यांचे यश लहान नव्हे. त्यांनी अनुवाद करताना मराठी वाक्याला फारसा जाच होऊ दिला नाही. त्यानंतर 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले आणि मराठीच्या शिक्षणाला नियमांचा आधार मिळाला. दादोबांच्या व्याकरणाचे मोल निर्विवाद आहे. परंतु व्याकरण हाती आल्याबरोबर पुस्तकाची परीक्षा व्याकरणानेच करावी हा मोहही त्याबरोबरच आला.

या मोहाला संस्थेचे रूप आले ते 1855 मध्ये शिक्षणखाते स्थापन झाल्यावर. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ज्यांचा मोठा वाटा होता ते मेजर टॉमस कँडी खात्यासाठी मराठी पुस्तके तयार करणारे व तपासणारे अधिकारी झाले. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांचेच. वर्णलेखनातील अराजक त्यांनी आवरले, वाक्यरचना एकसारखी केली, आणि मराठीची एक छापील मुद्रा घडविली. परंतु ही मुद्रा पुण्यातील सुशिक्षितांच्या बोलण्यावरून आणि इंग्रजी वाक्याच्या शिस्तीवरून उठविलेली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांची परीक्षा मुख्यतः दोन प्रश्नांनी झालेली दिसते : भाषा शुद्ध आहे काय, आणि मजकूर नीतीला पोषक आहे काय. तिसरा प्रश्न, हे पुस्तक वाचून मूल वाचू लागते काय, हा विचारला गेला तो पुस्तकाला नव्हे, मुलाला. वर्षातून एकदा डेप्युटी गावात येत, मुले रांगेने उभी करून वाचावयास लावीत, आणि जे अडखळले ते नापास होत. ज्या पाठापाशी वर्गातील बहुतेक मुले अडखळली त्या पाठातच काही दोष असेल, असा तर्क करण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. नापास होणारे नेहमी मूलच.

या व्यवस्थेची सर्वांत मर्मग्राही चिकित्सा शिक्षणखात्याबाहेरून झाली. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाचा जो विचार आहे त्यात पुस्तकांचा विचारही आहे. सरकारी शाळांतील मराठी पुस्तकमाला व्यवहारोपयोगी नाही व पुरोगामीही नाही, तिची नव्याने रचना झाली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांतील वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य यांचा त्यांनी अभ्यासक्रमासाठी आग्रह धरला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, असे सुचविले. डेप्युटीच्या वर्षाकाठच्या एका भेटीने काहीच साधत नाही, तपासणी अधिक वेळा आणि पूर्वसूचनेवाचून झाली पाहिजे, असेही बजावले. फुल्यांच्या या निवेदनाचा उल्लेख सामाजिक इतिहासात वारंवार होतो. परंतु अध्यापनसाहित्याचे मूल्यमापन ते वापरणाऱ्याच्या जीवनावरून करावे, ही त्यातील भूमिका शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. धुळपाटीच्या शाळेत बापाच्या हाती असलेली कसोटी फुले येथे नव्या शाळेला, आणि सर्व जातींच्या मुलांसाठी, लावू पाहत होते.

पुढील अर्धशतकात वादाचा रोख पुन्हा शुद्धतेकडे वळला. विसाव्या शतकाच्या आरंभी साने, गोडबोले व हातवळणे यांनी मराठीच्या लेखनपद्धतीत सुचविलेल्या फेरफारांवरून जे वादळ उठले, त्यात टिळकांपासून अनेकांनी लेखणी उचलली. अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ यांवरील ही चर्चा विद्वत्तापूर्ण होती, आणि तिचा परिणाम शालेय पुस्तकांच्या वर्णलेखनावर व्हावयाचा होता. पण मुलाला कोणते लेखन लवकर वाचता येते याचा प्रयोग करून पाहावा, असे त्या वादात फारसे कोणाला सुचलेले दिसत नाही. त्याच सुमारास अन्यत्र निराळे वारे वाहू लागले होते. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी 1921 मध्ये शब्दवारंवारतेची यादी प्रसिद्ध केली, आणि डाक्क्यात मायकेल वेस्ट बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांत इंग्रजी वाचनमाला रचू लागले. नवा शब्द किती ओळींनंतर यावा, तो पुढे किती वेळा परत यावा, हे मोजून ठरविता येते, ही कल्पना हिंदुस्थानातच घडत होती. मात्र ती इंग्रजीसाठी.

मराठीत या काळात झालेली क्रांती मोजमापाची नव्हती, रुचीची होती. प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने 1930 नंतरच्या दशकात क्रमिक पुस्तकाला हसू आणले. उपदेशाची जड भाषा गेली, जिवंत संवाद आले, कवितेला मान मिळाला. स्वतः शाळेत शिकविलेल्या लेखकाने पुस्तक केले म्हणजे काय होते, याचा तो धडा होता. तरीही त्या वाचनमालेतील गाजलेली ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट मावळातून वाचली तर एक गोष्ट जाणवते. दिनू हा डॉक्टरांचा मुलगा. वडिलांची बिले पाहून तोही आईला आपल्या कामांचे बिल देतो. ज्या गावात डॉक्टर नाही आणि ज्या घरात पोराने ढोरे राखणे हे काम म्हणून मोजलेच जात नाही, तेथे या गोष्टीची पहिली पायरीच समजावून सांगावी लागते. गोष्टीचा कळस, म्हणजे आईचे बिल, मात्र कोठेही समजावून सांगावे लागत नाही. अत्र्यांचा विजय त्या कळसात आहे, मर्यादा पायरीत आहे. तिला दोष म्हणणे अन्यायाचे होईल. पुस्तक कोणातरी मुलाला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहावे लागते, आणि अत्र्यांच्या डोळ्यांपुढे पुण्यातील वर्ग होता.

मुळाक्षरांच्या तक्त्याचीही अशीच तपासणी करता येईल. ‘अ’ अननसाचा, ‘य’ यज्ञाचा, ‘ऋ’ ऋषीचा. मावळात अननस पिकत नाही आणि यज्ञ दिसत नाही. उलट ‘औ’ औताचा व ‘ऐ’ ऐरणीचा म्हटले की विंझरचे मूल शहरातील मुलाच्या पुढे असते. ‘ण’ बाणाचा हे तर या मुलाला दुहेरी कोडे. चित्र पाहून ते ‘बान’ म्हणते, आणि अक्षर म्हणते की येथे निराळा आवाज आहे. ज्या अक्षराची ओळख चित्रावरून व्हावी, त्याचा आवाजच मुलाच्या शब्दात नाही. शिवाय वर्णमालेचा क्रम हा उच्चारस्थानांचा क्रम आहे. तो व्याकरणकारांची थोर निर्मिती आहे. पण ती उच्चारणाच्या अभ्यासासाठी होती, वाचनाच्या आरंभासाठी नव्हे. ‘ङ’ आणि ‘ञ’ येईपर्यंत मुलाने एकही वाक्य वाचू नये असा दंडक त्या क्रमातून आपोआप निघतो. मूल महिनोन्महिने अक्षरे घोकते आणि त्या अक्षरांचे काय होते ते त्याला कळत नाही.

राजगड व तोरणा हे किल्ले पंत सचिवांच्या भोर संस्थानात होते. 1948 मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि 27 जानेवारी 1967 रोजी पाठ्यपुस्तकनिर्मिती व अभ्यासक्रम संशोधनासाठी ‘बालभारती’ ही संस्था निघाली. स्वस्त, नेटके, सचित्र पुस्तक खेड्यापाड्यांत पोहोचले, हे बालभारतीचे कार्य मोठे आहे. खाजगी प्रकाशकांच्या चढाओढीत मावळातील शाळेपर्यंत असे पुस्तक कितपत पोहोचले असते याची शंकाच आहे. पण संपूर्ण राज्याला एकच पुस्तक, याचा अर्थ सावंतवाडीपासून गोंदियापर्यंतच्या बोलींना एकच आरंभ, असाही होतो. आणि पावसाळ्याचा प्रश्न तर पुस्तकाच्या कक्षेतच येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. भाताची आवणी त्यानंतर लागलीच येते. मोठी मुले खाचरात, मधली घरी धाकट्यांना सांभाळीत. पहिले काही पाठ ज्याच्या हातून निसटले त्याला पुढचे पाठ लागत नाहीत, कारण क्रमिक पुस्तक हे नावाप्रमाणे क्रमिक असते. गैरहजेरी गृहीत धरून पाठ रचणे, म्हणजे जुना शब्द पुन:पुन्हा येईल आणि मधूनच आलेल्या मुलालाही धागा सापडेल अशी रचना करणे, हे वाचनमालेच्या शास्त्रात अशक्य नाही. मात्र त्यासाठी गैरहजेरी हा शाळेचा अपघात नसून गावाचा ऋतू आहे, हे आधी मान्य करावे लागते.

हे मान्य करून काम करणारे काही प्रयोग महाराष्ट्रात झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात परिसरातील वस्तू हेच साधन होते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले काम भाषाशिक्षणाच्या दृष्टीने अधिक नेमके आहे. त्या भाषाशास्त्रज्ञ, फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांचा त्यांनी अभ्यास केला होता आणि जाई निंबकर यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण 1975 मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे कॅरींचा जुना मार्ग, परक्या प्रौढाला बोलीतून भाषा शिकविण्याचा, त्यांना पूर्ण परिचित होता. विशेष हे की तीच दृष्टी त्यांनी फलटणच्या गरीब वस्त्यांतील मुलांकडे वळविली. थोडी अक्षरे घ्यावी, त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द, शब्दांतून वाक्य, आणि ते वाक्य मुलाच्या ओळखीचे. मग पुढचा अक्षरगट. परदेशी पाहुण्याला जे सौजन्य दीडशे वर्षांहून अधिक काळ मिळत आले होते ते येथे घरच्या मुलाला मिळाले.

पुणे जिल्ह्यात याहून निराळा प्रयोग भारतीय शिक्षण संस्थेने 1979 मध्ये आरंभिला. 1948 मध्ये मुंबईत निघालेली ही संस्था 1976 मध्ये पुण्यास आली होती. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचे तिच्यामागील पाठबळ आणि चित्रा नाईक यांचे नेतृत्व, यांमुळे हा प्रयोग शाळाबाह्य मुलांपर्यंत गेला. दिवसा काम करणाऱ्या, बहुतांशी मुली असलेल्या गटांसाठी सायंकाळचे वर्ग. शिकविणारी व्यक्ती गावातीलच. मुलांनी परस्परांना शिकविण्यावर भर. येथे बेल-लँकास्टरची आठवण येते, पण फरक मोठा आहे : तेथे मोठा मुलगा हा मास्तरांचा हस्तक होता, येथे शिकणाऱ्यांची जोडी होती. मूल्यमापनासाठी परीक्षेऐवजी मुलांची जत्रा भरविली जाई. निरनिराळ्या गावांच्या वर्गांतील मुले एकत्र जमत, वाचन, लेखन व हिशेब यांचे खेळ होत, आणि कोणाला काय येते हे सर्वांसमक्ष, पालकांसमक्ष कळे. जत्रेत अडखळणारे मूल एकटे अडखळत नाही. एकाच ठिकाणी चार गावांची मुले अडली, तर दोष कोठे आहे हे शिकविणाऱ्यालाही उघड दिसते. धुळपाटीच्या शाळेतील उघडी कसोटी आणि फुल्यांनी मागितलेली वारंवार तपासणी, या दोहोंचे काहीसे अनपेक्षित मीलन येथे दिसते. ही पद्धत सर्वसाधारण शाळांनी का उचलली नाही, याचे उत्तर बहुधा साधे आहे : जत्रेला गुणपत्रक नसते, आणि खात्याला गुणपत्रकावाचून चालत नाही.

2005 पासून ‘प्रथम’ या संस्थेने ग्रामीण भागात घरोघर जाऊन केलेल्या ‘असर’ सर्वेक्षणांनी वाचनाची चाचणी एका पानावर आणली : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. हे पान घेऊन कोणीही शिकलेला माणूस शेजारच्या मुलाची तपासणी करू शकतो, आणि वरच्या इयत्तांतील अनेक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्टही वाचता येत नाही, ही गोष्ट या पानामुळेच देशभर चर्चेत आली. मूल कोणत्या पायरीवर थांबले ते त्यावरून कळते. कोणत्या पाठाने ते थांबविले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी शाळेतील हजेरीपट, शेरेपुस्तक आणि वर्षभर वापरून फाटलेली पुस्तके यांकडे वळावे लागेल. मावळातील जुन्या शाळांत यांपैकी जे कागद अजून शिल्लक असतील ते कोणत्या महिन्यात कोणत्या पाठापर्यंत वर्ग पोहोचला होता आणि त्या महिन्यात किती मुले खाचरात होती, हे सांगू शकतील. बोलीच्या नोंदींसह ते एकत्र वाचण्याचे काम अद्याप करावयाचे आहे.